घराघरातल्या 'सीनरी'चा इटालियन उस्ताद : मेंढपाळ रंगवून इंग्लंडच्या राजवाड्यात पोचलेला झुकारेली

घराला नवीन रंग दिला की भिंतीवर लावायला एखादी 'सीनरी' आणली जाते. मधोमध नदी, नदीवर छोटा पूल, एका बाजूला मोठं झाड, लांबवर निळसर डोंगर आणि पुढे मेंढरं चारायला सोडून निवांत बसलेलं कुणीतरी. फोटो स्टुडिओचा पडदा, सलूनची भिंत, लग्नाचा हॉल, जुनं कॅलेंडर अशा सगळीकडे हे चित्र आपण इतक्या वेळा पाहिलंय की हे गाव नेमकं कुठलं, असा प्रश्नसुद्धा पडत नाही.

ते आपल्याकडचं नाही, एवढं मात्र लगेच कळतं. बारामती शहराला लागून असलेल्या जळोचीचंच बघा. दिवाळी झाली की या बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या रस्त्यांवर मेंढरांचे कळप चालताना दिसतात. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या, मध्येच पेंगणारं एखादं लेकरू, खांद्यावर घोंगडी टाकलेला माणूस आणि कळपाच्या मागून झपझप चालणाऱ्या बायका. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला कंपाऊंड आणि मागून हॉर्न वाजवणारा ट्रक. यात निवांत बसलेलं कुणीच नसतं.

मग सीनरीतला तो निवांत मेंढपाळ आला कुठून?

त्याचा माग काढत युरोपात गेलं की १८ व्या शतकातल्या एका इटालियन चित्रकाराचं नाव हमखास समोर येतं. फ्रान्चेस्को झुकारेली. हयातीत तो इतका गाजला की इंग्लंडच्या राजाने त्याची दोन डझनांहून जास्त चित्रं जमवली. नंतर मात्र त्याच गोड चित्रांमुळे लोकांनी त्याला नावं ठेवली. त्याची ही गोष्ट.

खऱ्या मेंढपाळांच्या मुलखात जन्म

झुकारेलीचा जन्म १५ ऑगस्ट १७०२ चा. गाव पितिल्यानो. इटलीतल्या तोस्काना प्रांताच्या दक्षिण टोकाला, ज्वालामुखीच्या मऊ दगडाच्या कड्यावर हे गाव वसलंय. लांबून बघितलं तर कडा कुठे संपतो आणि घरांच्या भिंती कुठे सुरू होतात, ते कळत नाही.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचं तर आपल्याकडे थोरल्या बाजीरावांचा जन्म १७०० चा. म्हणजे दोघं जवळजवळ एकाच वयाचे.

पितिल्यानो ज्या भागात येतं त्या भागाचं नाव मारेम्मा. या मारेम्माची एक गोष्ट पुढे कामाला येणार आहे. थंडी पडली की अपेनाइन डोंगरातले मेंढपाळ कळप घेऊन खाली मारेम्माच्या सपाट, ओल्या कुरणांकडे उतरायचे आणि उन्हाळा आला की परत डोंगर चढायचे. आपल्याकडे पावसाळ्यानंतर धनगरांचे वाडे कोकणात उतरतात आणि पाऊस सुरू व्हायच्या आत परत येतात, तसंच. फरक एवढाच की मारेम्मा ही दलदल होती आणि तिथे हिवतापाचं थैमान असायचं. ही दलदल पूर्णपणे काढून जमीन कोरडी करायला २० वं शतक उजाडावं लागलं. तोपर्यंत मारेम्मा म्हणजे ताप आणि मरण, हे समीकरण इटलीत पोराटोरांनाही माहीत होतं.

झुकारेली मात्र खात्यापित्या घरातला होता. लहान वयातच त्याला चित्रकला शिकायला रोमला पाठवण्यात आलं.

रोम, फ्लोरेन्स आणि विटत चाललेली भित्तिचित्रं

रोममध्ये त्याचे गुरू होते जोव्हान्नी मारिया मोरांदी आणि पिएत्रो नेल्ली. दोघंही माणसांची चित्रं काढणारे. त्यामुळे सुरुवातीला झुकारेली शिकला ते माणसांचं शरीर, कपड्यांच्या चुण्या आणि देवादिकांच्या गोष्टी. निसर्गचित्र हा तेव्हा खालच्या पायरीचा प्रकार मानला जायचा. धर्म आणि इतिहासाची चित्रं काढणारा मोठा, झाडं-डोंगर काढणारा लहान, अशी सरळ उतरंड होती.

१७२० च्या दशकाच्या शेवटी तो फ्लोरेन्सला होता. तिथे गाब्बुर्री नावाच्या एका कलाप्रेमी सरदाराने त्याला काम दिलं. शहरातली जुनी भित्तिचित्रं विटत, झडत चालली होती. ती कायमची जाण्याआधी तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्यांच्या छापील प्रती काढायच्या, असं ते काम होतं. झुकारेलीने अशी चाळीसच्या वर छापचित्रं केली. आजच्या भाषेत बोलायचं तर तो जुन्या चित्रांचं स्कॅनिंग करत होता.

याच काळात त्याने निसर्गचित्रात हात घातला. ते त्याला शिकवलं पाओलो आनेसी या रोमन चित्रकाराने, असं झुकारेलीचा मित्र आणि चरित्रकार तास्सी याने लिहून ठेवलंय. लोकांना आवडेल असं आपण नेमकं काय काढू शकतो, याचा अंदाज झुकारेलीला बहुधा इथेच आला.

१७३२ : व्हेनिसमध्ये जागा रिकामी होती

१७३२ साली पुण्यात शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली. त्याच वर्षी तिकडे तिशीतला झुकारेली बोलोन्यामार्गे व्हेनिसला पोचला.

व्हेनिस तेव्हा चित्रकारांनी गच्च भरलेलं होतं. तिएपोलो राजवाड्यांची छतं रंगवत होता, तर कानालेत्तो कालवे आणि चौकांची चित्रं विकत होता. नवख्या माणसाचा तिथे निभाव लागणं अवघड होतं. पण झालं असं की निसर्गचित्रांमधला तिथला सगळ्यात मोठा चित्रकार मार्को रिच्ची १७३० साली वारला होता. त्याची गादी रिकामीच होती. झुकारेलीने ती जागा बरोबर हेरली.

त्यात व्हेनिसला येणारी गिऱ्हाइकंही पैसेवाली होती. इंग्लंडमधल्या श्रीमंत घरातली पोरं शिक्षण संपलं की वर्ष-दोन वर्षं युरोप फिरायला निघायची. इटली हा त्या सहलीचा कळस. परत जाताना आठवण म्हणून चित्रं विकत घ्यायची पद्धत होती. शहराची आठवण हवी असेल तर कानालेत्तो आणि इटलीच्या गोड हवेची आठवण हवी असेल तर झुकारेली, असा जणू बाजारच ठरून गेला. कोर्फूला तुर्कांचा वेढा पडला तेव्हा किल्ला लढवणारा मार्शल शुलेनबर्गसुद्धा त्याच्या गिऱ्हाइकांमध्ये होता.

त्याच्या चित्रात असायचं तरी काय?

झुकारेलीचं चित्र ओळखायला फार अवघड नाही. एका बाजूला उंच, हलक्या पानांचं झाड. दुसऱ्या बाजूला त्याहून लहान झाड नाहीतर पडकी भिंत. मध्ये उजेडाची वाट मोकळी. त्या वाटेने नजर नदीवर जाते, नदीवरून पुलावर, पुलावरून एखाद्या गढीवर आणि तिथून निळ्या डोंगरात विरून जाते. पुढच्या भागात तांबडी-पांढरी गुरं, शेळ्या, मेंढ्या, एखादं कुत्रं. गुलाबी आणि निळ्या कपड्यातल्या गुराखिणी. एखादी बाई पांढऱ्या घोड्यावर बसून चाललेली. वेळ बहुतेक सकाळची नाहीतर संध्याकाळची. भर दुपारचं ऊन त्याच्या चित्रात सहसा नसतं.

या शैलीला म्हणतात रोकोको. शिंपले आणि खडे लावून केलेल्या सजावटीसाठी फ्रेंच भाषेत जो शब्द होता, त्यावरून हे नाव पडलं. आधीच्या बरोक शैलीत सगळंच भव्य आणि गंभीर असायचं. गडद अंधार, त्यात झगझगीत उजेड आणि हातवारे करणारे संत. रोकोको आली ती या जडपणाला कंटाळून. फिकट गुलाबी, आकाशी, मोतिया रंग, नाजूक वळणं आणि हसरे चेहरे. देवळापेक्षा दिवाणखान्यात शोभणारी कला.

आणि मेंढपाळच का? तर त्यामागे दीड हजार वर्षांहून जुनी परंपरा होती. आर्केडिया हा ग्रीसमधला खराखुरा डोंगराळ भाग. पण रोमन कवी व्हर्जिलने मेंढपाळांची काव्यं लिहिली तेव्हापासून आर्केडिया म्हणजे कष्ट, कर्ज आणि भांडण नसलेला स्वप्नातला गाव, असा अर्थ रुळत गेला. १६९० मध्ये रोमला तर आर्केडिया नावाची साहित्यसंस्थाच निघाली. तिचे सभासद, म्हणजे सरदार, पाद्री आणि वकील, स्वतःला मेंढपाळांची टोपणनावं घ्यायचे. आयुष्यात ज्यांनी कधी मेंढरू हाकलं नाही, त्यांना मेंढपाळ व्हायची भारी हौस होती.

झुकारेलीने हीच हौस कॅनव्हासवर उतरवली.

नावातला भोपळा

त्याच्याबद्दलची एक मजेशीर गोष्ट सांगितली जाते. इटालियन भाषेत भोपळ्याला झुक्का म्हणतात. तेव्हा खेड्यातले लोक वाळलेला दुधी भोपळा पोखरून पाण्यासाठी वापरायचे. आपल्याकडेही तुंबा असायचा, तसाच. झुकारेलीच्या काही चित्रांत एखाद्या बाईच्या कमरेला असा भोपळा लटकलेला दिसतो. ती त्याच्या आडनावावरची कोटी, म्हणजे न लिहिलेली सही, असं मानलं जातं.

अर्थात प्रत्येक चित्रात भोपळा नसतो आणि भोपळा दिसला म्हणून चित्र त्याचंच ठरतं असंही नाही.

ब्रिटिश वकील, दलाल आणि आश्रयदाता

झुकारेलीच्या आयुष्याला वळण देणारा माणूस म्हणजे जोसेफ स्मिथ. हा व्हेनिसमध्ये राहणारा इंग्रज व्यापारी, जो १७४४ पासून तिथला ब्रिटिश वकील होता. पुस्तकं, नाणी आणि चित्रं जमवायचा त्याला नाद. कोणत्या इंग्रज उमरावाला काय हवंय आणि कोणता चित्रकार ते करू शकेल, याची जुळवाजुळव तो करायचा. कानालेत्तोची बरीचशी चित्रं इंग्लंडला गेली ती याच्याच हातून.

स्मिथने १७४६ च्या सुमारास झुकारेलीला आणि व्हिसेन्तिनी नावाच्या चित्रकाराला एकत्र बसवलं. व्हिसेन्तिनीने इंग्लंडमधल्या प्रसिद्ध इमारती काढायच्या आणि झुकारेलीने त्यांच्याभोवती इटलीचा निसर्ग आणि माणसं. म्हणजे इमारत लंडनची आणि अंगणात इटलीची गुराखीण. असं दृश्य जगात कुठेच नव्हतं, पण चित्रात ते अगदी खरं वाटायचं. झुकारेलीची खरी ताकद हीच होती.

ज्याला वाट दाखवली तोच पुढे मोठा झाला

१७५० च्या आसपास रिचर्ड विल्सन नावाचा वेल्समधला चित्रकार व्हेनिसला आला. तो माणसांची चित्रं काढायचा आणि त्यावर त्याचं बरं चाललं होतं. झुकारेलीशी त्याची मैत्री झाली. १७५१ मध्ये त्याने झुकारेलीचं चित्र काढलं, जे आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. माणसं सोडून निसर्गचित्राकडे वळ, असा सल्ला त्याला झुकारेलीनेच दिला, असं सांगितलं जातं.

विल्सनने तो मनावर घेतला. पुढे इंग्लंडमध्ये निसर्गचित्राला मान मिळवून देणारा पहिला मोठा चित्रकार म्हणून त्याचंच नाव घेतलं जाऊ लागलं.

पण ते सगळं नंतर. तेव्हा इंग्लंडमध्ये नाणं खणखणत होतं ते झुकारेलीचं.

लंडनमधली चलती

१७५२ मध्ये पन्नाशीतला झुकारेली लंडनला गेला आणि दहा वर्षं तिथेच राहिला. त्याच सुमारास बारामतीत वेगळाच डाव मांडला जात होता. पन्हाळ्यावर जन्मलेले तरुण मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाला आले आणि आयुष्यभर बारामतीतच राहून काव्य करत राहिले. इकडे सावकाराच्या वाड्यात कवी, तिकडे उमरावांच्या दिवाणखान्यात चित्रकार. आश्रयदात्याची आवड सांभाळायची आणि तरीही आपलं कसब दाखवायचं, ही कसरत दोघांनाही करावी लागत होती.

लंडनमध्ये झुकारेलीने ऑपेरा थिएटरसाठी पडदे रंगवले. श्रीमंतांच्या वाड्यांसाठी मोठमोठी चित्रं केली. १७६० मध्ये तर त्याने नेहमीची गोडी सोडून शेक्सपिअरच्या नाटकातला मॅकबेथ आणि चेटकिणींच्या भेटीचा प्रसंग वादळी आभाळाखाली रंगवला. नाटकातला प्रसंग असा मोकळ्या निसर्गात मांडणारं हे सुरुवातीच्या चित्रांपैकी एक. वुलेट या खोदकामकाराने १७७० मध्ये त्याची छापील प्रत काढली. तिच्यामुळे ज्यांना मूळ चित्र परवडणारं नव्हतं त्यांच्याही घरी ते पोचलं.

मुळात झुकारेली इतका पसरला तो छापचित्रांमुळेच. तरुणपणी त्याने दुसऱ्यांच्या चित्रांच्या प्रती काढल्या होत्या. आता इतर लोक त्याच्या प्रती काढत होते.

या लाटेत विल्सनची मात्र फरफट झाली. इटलीहून परतल्यावर त्याची शांत, गंभीर चित्रं लोकांना रुक्ष वाटायची. झुकारेलीसारखं जरा हलकंफुलकं काढत जा, असा सल्ला त्याला इतर चित्रकारांनी दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. ज्याने वाट दाखवली त्याच्याच सावलीत विल्सन अडकला.

राजाने एकगठ्ठा खरेदी केली

१७६० मध्ये इंग्लंडच्या गादीवर तिसरा जॉर्ज आला. १७६२ मध्ये त्याने एक मोठा सौदा केला. व्हेनिसमधल्या स्मिथचा हात तंगीत होता, म्हणून त्याने आपला सगळा संग्रह विकायला काढला. राजाने तो २० हजार पौंडांना उचलला. त्यात कानालेत्तोची सुमारे ५० चित्रं होती आणि झुकारेलीचीही भरपूर. एक गंमत म्हणजे त्याच गठ्ठ्यात डच चित्रकार व्हर्मेअरचं एक चित्रही आलं. आज ते अनमोल आहे, पण तेव्हा ते दुसऱ्याच चित्रकाराचं समजलं जात होतं.

झुकारेली १७६२ मध्ये व्हेनिसला परतला होता. तिथल्या कला अकादमीने १७६३ मध्ये त्याला सभासद करून घेतलं. पण लंडनचं बोलावणं काही थांबेना. १७६५ मध्ये तो परत गेला.

१७६८ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीची स्थापना झाली, तेव्हा संस्थापक सभासदांमध्ये हा इटालियन म्हातारा होता. त्याच वर्षी त्याने राजासाठी नदीकाठी सापडलेल्या बाळ मोझेसचं भलंमोठं चित्र काढलं. विषय आणि आकार दोन्ही राजाने त्याच्यावरच सोडले होते, असं म्हणतात. अकादमीच्या सभासदांना एकत्र दाखवणारं झोफनी या चित्रकाराचं एक प्रसिद्ध चित्र आहे. त्या घोळक्यातही झुकारेली दिसतो.

कड्यावरच्या एका आडगावातून निघालेला माणूस याहून वर जाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अखेर आणि घसरण

१७७१ मध्ये तो इटलीला कायमचा परतला. १७७२ मध्ये व्हेनिसच्या अकादमीचा अध्यक्ष झाला. शेवटची वर्षं त्याने फ्लोरेन्समध्ये काढली. ३० डिसेंबर १७८८ रोजी, ८६ व्या वर्षी तो तिथेच वारला. पुढच्या सहाच महिन्यांत फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा भडका उडाला आणि ज्या दिवाणखान्यांसाठी रोकोको जन्मली होती, ते दिवाणखानेच हादरले.

लोकांची आवडही फिरली. विल्सन १७८२ मध्येच वारला होता, तोही हलाखीत. पण पुढच्या पिढीतल्या टर्नर आणि कॉन्स्टेबल या चित्रकारांनी त्याला मानाचं स्थान दिलं. कॉन्स्टेबल आपल्याच गावचं आभाळ, आपल्याच नदीतली बैलगाडी आणि चिखल रंगवत होता. त्याच्या ओल्या ढगांशेजारी झुकारेलीचं आभाळ पावडर लावल्यासारखं दिसू लागलं. एकेकाळी जो गुण होता तोच दोष ठरला. गोड आहे, पण खोटं आहे, असा शिक्का बसला.

मोरोपंतांच्या वाट्यालाही जवळपास हेच आलं, हा योगायोग बघण्यासारखा आहे. इंग्रजी शिकलेल्या पिढीला त्यांची यमकं आणि कसरती कृत्रिम वाटू लागल्या आणि त्यांची बाजू मांडायला विष्णुशास्त्री चिपळूणकरांना निबंधमालेत लेखणी उचलावी लागली. झुकारेलीला असा वकील मिळायला मात्र २० वं शतक उजाडलं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मायकल लेव्ही या इंग्रज कला-इतिहासकाराने त्याच्या इंग्लंडमधल्या कामाचा नीट अभ्यास मांडला आणि २००७ मध्ये इटलीत फेदेरिका स्पादोत्तो यांनी त्याच्या चित्रांची सविस्तर सूची प्रसिद्ध केली.

ही सूची गरजेची होती, कारण नकला उदंड होत्या. आजही लिलावात जुनं इटालियन गोड निसर्गचित्र आलं की त्याला झुकारेलीचं नाव चिकटवायचा मोह होतो. म्हणूनच लिलावाच्या यादीतले शब्द नीट वाचावे लागतात. नुसतं चित्रकाराचं नाव असेल तर ते त्याचं काम मानलं जातंय. त्याच्या वर्तुळातलं म्हटलं तर त्याच्या काळातल्या जवळच्या कुणाचं. अनुयायाचं किंवा त्याच्या शैलीतलं म्हटलं तर ते अगदी शंभर वर्षांनंतरचंही असू शकतं. या एका शब्दावर किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

ही नजर भारतात कशी आली?

झुकारेली भारतात कधीच आला नाही. पण निसर्गाकडे चौकटीतून बघायची ती इंग्लंडमधली सवय जहाजात बसून इकडे आली.

विल्सनचा एक शिष्य होता विल्यम हॉजेस. तो १७८० मध्ये भारतात आला आणि इथल्या गड-नद्यांची चित्रं काढून घेऊन गेला. झुकारेलीला घोळक्यात रंगवणारा झोफनी १७८३ मध्ये आला आणि लखनौच्या नवाबाकडे रमला. मग डॅनिएल काका-पुतणे आले. महाराष्ट्रात आला तो जेम्स वेल्स. पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या ओळखीने तो पेशव्यांच्या दरबारी पोचला. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र काढलं. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. तिथे तयार झालेल्या गंगाराम तांबट यांनी वेरूळ, कार्ल्याची लेणी कागदावर उतरवली.

१८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि पाश्चात्त्य पद्धतीचं निसर्गचित्र हा शिकायचा विषय झाला. नंतर छापखाने आले, कॅलेंडरं आली. बाजूला झाड, मध्ये नदी, लांब डोंगर ही मांडणी हातोहाती फिरत राहिली. झुकारेली हा या मांडणीचा एकटा जनक नाही. त्याच्या शंभर वर्षं आधी क्लोद लोरां या चित्रकाराने ती घडवली होती. झुकारेलीने तिला गोड केलं, दिवाणखान्यात बसवलं आणि बाजारात खपवलं.

चित्रात नसलेली माणसं

आता परत सुरुवातीच्या प्रश्नाकडे. मेंढपाळ निवांत का?

झुकारेलीला खरं माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. तो मारेम्माच्या मुलखातला होता. कळप दलदलीत उतरतात, माणसं तापाने मरतात, हे त्या मुलखात लपून राहण्यासारखं नव्हतं. पण ते विकत कोण घेणार?

गिऱ्हाईक होतं इंग्लंडमधला जमीनदार. आणि नेमक्या त्याच काळात हा जमीनदार काय करत होता? इंग्लंडमध्ये गावोगाव सामाईक जमिनी असायच्या, म्हणजे आपल्या भाषेत गायरानं. गरीब माणूस तिथे आपली गाय-मेंढी चारायचा. या जमिनींना कुंपण घालून त्या खासगी करण्यासाठी १७५० ते १८५० या शंभर वर्षांत इंग्लंडच्या संसदेने सुमारे ४ हजार कायदे केले. बाहेर गायरानाला कुंपण पडत होतं आणि आत भिंतीवर बिनकुंपणाच्या कुरणात मेंढपाळ निवांत बसला होता.

झुकारेलीने हा कट रचला असं अजिबात नाही. तो पोट भरणारा, कमालीचा हुशार कारागीर होता. त्याची चित्रं आजही समोर आली की डोळ्यांना गारवा वाटतो आणि तो गारवा खोटा नाही. दमलेल्या माणसाला असा एखादा गाव मनात लागतोच. पण त्या गावात मेंढरांचा वास नाही, तापलेली पाठ नाही आणि उद्या चारा कुठे मिळेल याची काळजी नाही, हेही तितकंच खरं.

त्याच्या चित्रांत एक गोष्ट मात्र त्याच्याही हातून खरी उतरली असावी. ती पांढऱ्या घोड्यावरची बाई. बऱ्याच चित्रांत ती बसलेली नसते, निघालेली असते. मागे गुरं, बाजूला चालणारी माणसं, पुढे नदीचा उतार. गुलाबी कपडे क्षणभर बाजूला ठेवले तर ते बिऱ्हाड हलवणारं कुटुंब आहे. ते कुठून आलं आणि कुठे निघालंय, हे चित्र सांगत नाही.

आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीला पोचते, तेव्हा तिथे मेंढ्यांचं रिंगण होतं. पालखीभोवती मेंढरं धावतात, धुरळा उडतो आणि हजारो मोबाइल वर होतात. तो फोटो काही तासांत महाराष्ट्रभर फिरतो. सुंदरच असतो तो.

पण तीच मेंढरं दिवाळीनंतर कोकणच्या वाटेला लागतात. शेतात मेंढरं बसवली तर खत मिळतं, म्हणून कुणी शेतकरी बोलावतो, तर कुणी बांधावरूनच हाकलतो. जळोचीसारख्या गावांपर्यंत शहर आलं, माळाचे प्लॉट पडले आणि रस्त्याच्या कडेचं गवत तारेच्या आत गेलं. तो फोटो फारसा कुणी काढत नाही.

अडीचशे वर्षांपूर्वी लंडनच्या दिवाणखान्यात हेच घडलं होतं. मेंढपाळ सगळ्यांना हवा होता, पण फक्त चौकटीत.